दोन ठिपक्यांचे दोन ऑक्टोपस: सख्खे भाऊ, पण संसार वेगळा

करवीरकाठ
माझा भाचा सॅन डिएगोला असतो. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरताना त्याला ऑक्टोपस दिसला. फोटो पाठवून त्यानं विचारलं, "मामा, हा कुठला?" फोटोत डोळ्याच्या खाली एक मोठा काळा ठिपका आहे आणि त्यात निळं कडं. त्या किनाऱ्यावर असा ठिपका म्हणजे उत्तर दोनांपैकी एक: ऑक्टोपस बायमॅक्युलेटस किंवा ऑक्टोपस बायमॅक्युलॉइडिस. नेमका कुठला, हे मी त्याला लगेच सांगू शकलो नाही. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना ही जोडी मी दरवर्षी सांगतो, म्हणून इथेही मांडतो. समुद्र आपल्यापासून घाटाखाली असला तरी विषय आपल्यालाही लागू आहे.

दोघंही कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहतात. दोघांनाही खऱ्या डोळ्याच्या खाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना एकेक खोटा डोळा असतो. रंग दोघांचाही तपकिरी-राखाडी आणि क्षणात बदलणारा. खाणं तेच, खेकडे, शिंपले, गोगलगायी. आयुष्य साधारण दीड-दोन वर्षांचं. अ‍ॅडिसन व्हेरिल या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं १८८३ मध्ये बायमॅक्युलेटसचं वर्णन केलं. त्यानंतर कॅलिफोर्नियात ठिपकेवाला ऑक्टोपस सापडला की तो त्याच नावानं नोंदवला जायचा. ही एक नसून दोन जाती आहेत हे ग्रेस पिकफर्ड आणि बेयर्ड मॅकॉनही यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं. मधे ६६ वर्षं गेली.

आता फरक. बायमॅक्युलेटसची मादी बारीक बारीक अंडी घालते, काही मिलिमीटरची, आणि ती हजारोंनी. त्यातून निघणारं पिल्लू तांदळाच्या दाण्याहून लहान, जवळजवळ पारदर्शक असतं. हात आखूड, त्यांवर मोजकेच चूषक, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या. तळाशी बसणं त्याला जमतच नाही. ते वर पाण्यात जातं, प्रवाहाबरोबर आठवडेच्या आठवडे भटकतं आणि वाचलं तर मोठं होऊन तळाशी उतरतं.

बायमॅक्युलॉइडिसची मादी मोजकी अंडी घालते, शेकड्यांत मोजावीत इतकी, पण एकेक अंडं सेंटिमीटरभर लांब. त्यातून बाहेर येणारं पिल्लू म्हणजे हुबेहूब लहानसा ऑक्टोपस. आठही हात लांब, चूषक तयार. बाहेर पडल्या पडल्या ते तळावर चालतं, दगडाखाली शिरतं, बारीक कोळंबीसारखे जीव धरून खातं. तरंगण्याचा टप्पाच नाही.

एक रुईच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर सोडतो, दुसरा फणसाच्या आठळ्या झाडाखालीच टाकतो. दिसायला झाडं मात्र सारखी!

माझं म्हणणं असं, की या दोन जातींतला खरा फरक अंगावर शोधू नये, तो अंड्यात शोधावा. राहण्याची जागा, वस्तीचा पसारा, पुढे माणसाशी आलेला संबंध, सगळं त्या एका गोष्टीला बांधलेलं आहे. मंडळींनी शंका जरूर विचाराव्यात.

पेठेतला_फॉरवर्ड
सर, लई भारी. ऑक्टोपस म्हटलं की आम्हाला २०१०चा वर्ल्डकपच आठवतो. आमच्या गल्लीत एका बाजूला अर्जेंटिनाचे झेंडे, दुसऱ्या बाजूला ब्राझीलचे, आणि जर्मनीच्या त्या पॉल ऑक्टोपसनं क्वार्टर फायनलला अर्जेंटिना हरणार म्हणून सांगितलं. ४-० नं हरले. गल्लीत त्या रात्री कुणी जेवलं नाही. तो पॉल ह्या दोघांतलाच का?

करवीरकाठ
नाही रे. पॉल हा ऑक्टोपस व्हल्गॅरिस, म्हणजे युरोपात सगळीकडे मिळणारा सर्वसाधारण ऑक्टोपस. ओबरहाउझेनच्या मत्स्यालयात होता, ऑक्टोबर २०१० मध्ये गेला. त्याला खोटा डोळा नसतो. पण तुझा प्रश्न विषयाला धरून आहे, कारण व्हल्गॅरिस हा म्हाताऱ्या उडवणाऱ्यांतला टोकाचा गडी. त्याची मादी एक लाखापासून पाच लाखांपर्यंत अंडी घालते, एकेक जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचं. युरोपात त्याची शेती करण्याचे प्रयत्न कित्येक दशकं चालले आहेत आणि ते अडतात ते मुख्यतः याच ठिकाणी. तरंगणाऱ्या पिल्लांना योग्य जिवंत खाद्य द्यायचं, योग्य वेळी द्यायचं आणि ती तळाशी उतरेपर्यंत जगवायची, हे फार कठीण काम आहे.

बीएस्सी_झूलॉजी
सर, एक शंका. निळ्या कड्याच्या नक्षीवरून दोघं ओळखता येतात असं मी वाचलंय. मग ६६ वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

करवीरकाठ
चांगला प्रश्न. नक्षीत फरक आहे हे खरं. बायमॅक्युलॉइडिसमध्ये ते निळं कडं साखळीसारखं सलग असतं. बायमॅक्युलेटसमध्ये ते वेडंवाकडं असून त्यातून आऱ्यांसारख्या रेघा निघालेल्या दिसतात. पण हे जिवंत प्राण्यात, तेही तो शांत असताना. घाबरला की सगळं अंग पांढरंफटक किंवा गडद होतं आणि ठिपकासुद्धा फिका पडतो किंवा भडक होतो.

त्या काळी शास्त्रज्ञांसमोर काय असायचं? बरणीतला नमुना. तू आपल्या डिपार्टमेंटच्या संग्रहालयात बघितलं असशील, स्पिरिटमध्ये ठेवलेल्या मऊ प्राण्याचं काय होतं ते. अंग आक्रसतं, हात पिळवटतात, निळी झळाळी तर पहिल्यांदा जाते. ती निळाई रंगद्रव्याची नसतेच, त्वचेतल्या पेशींच्या थरांवरून प्रकाश परतताना ती दिसते, त्यामुळे पेशी बिघडल्या की निळाई संपली. उरतो एक काळपट डाग. दोन बरण्या शेजारी ठेवल्या तर डाग सारखाच.

पिकफर्ड-मॅकॉनही यांना वाट सापडली ती शरीराच्या आतून. मॅकॉनही डायसायमिड नावाच्या परजीवींचे अभ्यासक होते. हे जीव ऑक्टोपसच्या मूत्रपिंडात राहतात. सगळं शरीर मिळून काही डझन पेशी, एवढे साधे. पण यजमानाच्या बाबतीत फार चोखंदळ, एका जातीच्या ऑक्टोपसमधले दुसऱ्या जातीत सहसा सापडत नाहीत. "एकाच" जातीच्या म्हणवणाऱ्या ऑक्टोपसांत हे पाहुणे वेगवेगळे निघाले. अंडी बघितली तर दोन मापांची, मधलं माप नाही. राहण्याच्या जागाही वेगळ्या. एकेक पुरावा दुसऱ्याला जुळत गेला.

बीएस्सी_झूलॉजी
बापरे, म्हणजे मूत्रपिंडातल्या परजीवींना आधीपासून माहीत होतं! आम्हाला डायसायमिडवर सिलॅबसमध्ये अर्ध पानसुद्धा नाही. सर, यावर काही वाचायला मिळालं तर सेमिनारला हाच विषय घेते.

करवीरकाठ
घे. जरूर घे. भेट म्हणजे सविस्तर बोलू. डायसायमिडच्या आकृत्या फळ्यावर काढायला पाच मिनिटं लागतात, इतका तो जीव साधा आहे, आणि तरी प्राण्यांच्या वंशवृक्षात त्याला नेमकं कुठे बसवायचं यावर दीर्घकाळ वाद झाले आहेत.

मालवणची_लेक
माहेर मालवण, सासर कोल्हापूर, म्हणून न राहवून लिहिते. आमच्या बाबांच्या जाळ्यात अधूनमधून ऑक्टोपस यायचा. लहानपणी एकदा बाबांनी तो वेताच्या टोपलीत टाकून वर दुसरी टोपली पालथी घातली होती. मी बाजूलाच बसले होते. आधी टोपलीच्या फटीतून एका हाताचं टोक आलं, गवताच्या काडीएवढं. ते आजूबाजूला चाचपलं. मग दुसरं टोक. नंतर हात जाड होत होत बाहेर येत राहिला, आणि डोकं, म्हणजे ती पिशवी, फटीपाशी आल्यावर पाण्यासारखी चपटी झाली आणि दोन बोटांच्या फटीतून बाहेर पडली. आत अडकेल असं त्याच्यात चोच सोडून काही नाही, असं बाबा म्हणाले. तेव्हापासून मी तो कधी खाल्ला नाही.

माझा प्रश्न मादीचा आहे. ती अंडी राखते आणि पिल्लं निघाली की मरते हे खरं का? या दोघींत काही फरक?

करवीरकाठ
ताई, फार सुंदर लिहिलंत. चोचीबद्दल बाबा बरोबर बोलले, चोच जिथून जाईल तिथून बहुतेक सगळा ऑक्टोपस जातो.

मादीबद्दल: हो, खरं आहे, दोघींच्याही बाबतीत. अंडी दगडाच्या आतल्या बाजूला किंवा कपारीत लावते, मग त्यांच्यावर बसून राहते. चूषकांनी अंडी पुसत राहते, नळीतून ताज्या पाण्याचा झोत सोडते, जवळ येणाऱ्याला हुसकावते. खाणं जवळजवळ बंद. पिल्लं निघेपर्यंत तिचं अंग झिजून गेलेलं असतं आणि लवकरच ती मरते.

फरक मुदतीत आहे. अंडं जितकं मोठं तितकी आतली वाढ लांबते, आणि पाणी जितकं थंड तितकी आणखी लांबते. बायमॅक्युलॉइडिसच्या आईला त्यामुळे जास्त दिवस उपाशी पहारा द्यावा लागतो. पिल्लू बाहेर येताना पायावर उभं असावं यासाठीची किंमत ती भरते. बायमॅक्युलेटसची आई तुलनेनं लवकर सुटते आणि तिच्या पिल्लांचा धोका पुढे पाण्यात सुरू होतो.

या गोष्टीचं टोक बघायचं तर खोल समुद्रात बघावं. कॅलिफोर्नियातच माँटेरेजवळ, सुमारे १४०० मीटर खोलीवर, ग्रॅनेलेडोन बोरिओपॅसिफिका जातीची एक मादी २००७ मध्ये अंड्यांवर बसलेली दिसली. तिथल्या सागरी संशोधन संस्थेचे लोक यंत्र-पाणबुडी घेऊन पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात राहिले. अंगावरच्या खुणांवरून ती तीच आहे हे पटायचं. २०११ मध्ये अंडी रिकामी दिसली. ५३ महिने! माहीत असलेल्या कुठल्याही प्राण्यात इतका दीर्घ काळ अंडी राखल्याची नोंद नाही.

मालवणची_लेक
साडेचार वर्षं. आणि खाल्लं काही नसेल?

करवीरकाठ
शास्त्रज्ञांना तरी ती कधी खाताना दिसली नाही. समोरून खेकडे, कोळंबी गेली तरी तिनं धरलं नाही, खेकड्याचे तुकडे दिले तरी घेतले नाहीत. तिथलं पाणी ३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, त्यामुळे शरीराचा खर्चच फार कमी.

आजरेकर
सर, उपाशी राहून आई मरते यात तिची इच्छा नसते म्हणायचं? की शरीरच तसं घडवलेलं असतं?

करवीरकाठ
काका, याचं उत्तर बऱ्यापैकी मिळालेलं आहे. डोळ्यांच्या मागे दोन छोट्या ग्रंथी असतात. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी कॅरिबियन समुद्रातल्या एका जातीच्या माद्यांच्या या ग्रंथी अंडी घातल्यावर काढून टाकल्या. माद्यांनी अंडी सोडून दिली, पुन्हा खायला लागल्या, वजन वाढलं आणि त्या जास्त जगल्या. म्हणजे मरणाची किल्ली तिथे आहे.

पुढचं काम शिकागो विद्यापीठात झालं, २०१८ आणि २०२२ मध्ये, आणि ते नेमकं आपल्या बायमॅक्युलॉइडिसवर. अंडी राखणाऱ्या मादीच्या त्या ग्रंथीत कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या रसायनांचा कारभारच बदलतो, असं त्यांना दिसलं. त्यातलं एक रसायन, ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल, माणसात जास्त साठलं तर गंभीर आजार होतो. तेव्हा शरीराची घडणच तशी आहे, असंच म्हणावं लागेल. तिच्या पहाऱ्याबद्दलचा माझा आदर मात्र हे वाचून वाढलाच.

राधानगरी_रान
सर, मी बेडकांतला माणूस, तरी धागा एका दमात वाचला. आपल्या घाटातही अशी जोडी आहे. कोयनेचा टोड आणि आंबोलीचा टोड. कोयनेचा १९६३ मध्ये नोंदला गेला. आंबोलीच्याला झॅन्थोफ्राइन टायगेरिना म्हणून वेगळं नाव मिळालं ते २००९ मध्ये, आणि त्याच वेळी दोघांसाठी नवीन प्रजातीही (जीनस) केली. दोघांच्या अंगावर पिवळा रंग, आंबोलीच्या टोडला वाघासारखे वेडेवाकडे पट्टे. पण दोघांचा संसार सारखाच. पहिल्या पावसात जांभ्या कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी, त्यातून डिंभ (पाण्यातलं शेपटीवालं पिल्लू), डबकं आटायच्या आत पाय फुटले पाहिजेत.

म्हणून ऑक्टोपसचं मला नवल वाटलं. आमच्यात डिंभ असणारे आणि नसणारे असा भेद आहे. आंबोलीच्याच रानात झुडपी बेडूक आहेत, त्यांच्या अंड्यातून थेट लहानगा बेडूक निघतो, डिंभ नाहीच. पण तो भेद मोठ्या मोठ्या घराण्यांमधला. दोन सख्ख्या भावंडांत एक डिंभवाला, एक बिनडिंभाचा, हे कसं शक्य?

करवीरकाठ
हीच मला या जोडीतली सगळ्यात महत्त्वाची बाजू वाटते. तुम्ही बेडकांवरून ती नेमकी पकडलीत.

ऑक्टोपसमध्ये हा बदल तुलनेनं सोपा दिसतो. तरंगतं पिल्लू आणि चालतं पिल्लू यांच्या शरीराचा आराखडा एकच. अंड्यात बलक जास्त भरला की पिल्लू आत जास्त काळ वाढतं आणि तरंगण्याच्या टप्प्याच्या पुढे जाऊनच बाहेर येतं. बेडकाच्या डिंभाला शेपूट, कल्ले, शाकाहारी आतडं, सगळं मोडून नवं बांधावं लागतं. इथे एवढी मोडतोड नाही. त्यामुळे ऑक्टोपसांच्या घराण्यात मोठ्या अंड्यांच्या जाती वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झालेल्या दिसतात. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरचा ऑक्टोपस माया घ्या. त्याचीही अंडी मोठी, पिल्लं थेट तळावर. आणि तो त्या द्वीपकल्पाच्या किनाऱ्यापुरताच आढळतो.

हा शेवटचा मुद्दा जोडूनच बघायला हवा. पिल्लं तरंगत गेली की वस्त्या एकमेकींत मिसळतात, लांबचा किनाराही हाती लागतो. एखाद्या खाडीतली वस्ती संपली तर दुसरीकडून पिल्लं वाहत येऊन ती पुन्हा भरते. पिल्लं जिथल्या तिथे राहिली तर पिढ्यान् पिढ्या तोच चिखल, तेच दगड. तिथे सगळं ठीक असेल तर उत्तम, कारण आईला जमलेली जागा पिल्लालाही जमणार. पण ती खाडी बुजवली, तिथे बंदर बांधलं, तर बाहेरून भरपाई व्हायला फार वेळ लागतो. दक्षिण कॅलिफोर्नियात खाड्यांचं किती बांधकाम झालंय ते नकाशात दिसतं. मला बायमॅक्युलॉइडिसची जास्त काळजी वाटते ती म्हणून.

पेठेतला_फॉरवर्ड
सर, ते निळं कडं म्हणजे विषारी ना? एक व्हिडिओ फिरतोय, हातात छोटा ऑक्टोपस घेतलेल्या बाईचा, खाली लिहिलंय की चावला तर मिनिटांत खेळ खल्लास. भाच्याला सांगा हात लावू नको म्हणून.

करवीरकाठ
तो वेगळा. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस, हॅपलोक्लीना. जेमतेम तळहाताएवढा, अंगभर पुष्कळ निळी कडी, हिंदी महासागर ते पश्चिम पॅसिफिकमध्ये. त्याच्यात टेट्रोडोटॉक्सिन असतं, पफर माशातलंच विष. श्वासाचे स्नायू बंद पडतात. त्यावर उतारा नाही, पण कृत्रिम श्वास चालू ठेवला तर माणूस वाचू शकतो. त्याला डिवचलं की कडी क्षणार्धात लखलखतात. व्हिडिओत तो हातावर चालताना दिसतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

गंमत म्हणजे त्यांच्यातही हाच अंड्यांचा भेद आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरची मॅक्युलोसा जात मोजकी मोठी अंडी घालते, आई ती हातांत धरूनच फिरते आणि पिल्लं थेट तळावर. उष्ण समुद्रातल्या लुन्युलाटाची पिल्लं मात्र आधी तरंगतात.

आपल्या दोघांचं एकेकच कडं आणि ते भल्यामोठ्या काळ्या ठिपक्यात. त्याचं काम फसवण्याचं, शत्रूनं खऱ्या डोळ्याऐवजी तिकडे झेप घ्यावी. चावा दुखेल, जीव जाणार नाही. तरी भाच्याला हात लावू नको असं सांगितलंच आहे, ते त्या प्राण्याच्या भल्यासाठी.

बीएस्सी_झूलॉजी
सर, "माणसाशी आलेला संबंध" हा मुद्दा पहिल्या पोस्टमध्ये आहे, त्याचं राहिलं.

करवीरकाठ
बरी आठवण केलीस. २०१५ मध्ये ऑक्टोपसचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, पहिल्यांदा वाचला गेला. माखळी-म्हाकूळ-ऑक्टोपस या सगळ्या वर्गातलाच तो पहिला. सुमारे २.७ अब्ज अक्षरं, सुमारे ३३,००० जनुकं. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत. मेंदूतल्या पेशींच्या जोडणीत काम करणारी प्रोटोकॅडहेरिन जनुकं त्यात १६८ निघाली, सस्तन प्राण्यांच्या दुपटीहून जास्त. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोनतृतीयांश हातांत असतात हे तुला माहीत आहेच.

हा जीनोम बायमॅक्युलॉइडिसचा. थंड पाण्यात गेल्यावर ऑक्टोपस आपल्या आरएनएमध्ये (प्रथिनं बनवण्यासाठी काढलेल्या जनुकांच्या प्रतींत) हजारो जागी दुरुस्त्या करतो, हे २०२३ मध्ये दाखवलं गेलं, तेही बायमॅक्युलॉइडिसमध्ये. वर सांगितलेलं शिकागोचं कामही त्याचंच. बायमॅक्युलेटस या यादीत का नाही? दोघं एकाच किनाऱ्यावर, दोघंही तितकेच हुशार.

कारण पिल्लं. १९८०च्या दशकात टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला जॉन फोरसाइथ आणि रॉजर हॅनलन यांनी बायमॅक्युलॉइडिस अंड्यापासून अंड्यापर्यंत टाकीत वाढवला. पिल्लू निघाल्या दिवशी तळावर बसतं, समोर टाकलेले बारीक जीव धरतं, त्याला टाकीत सांभाळता येतं. पाणी उबदार ठेवलं की वाढ झपाट्यानं होते आणि आयुष्य आखडतं, हेही त्यांनीच नोंदवलं. एकदा प्राणी प्रयोगशाळेत वाढवता आला की पुढचे शास्त्रज्ञ तोच मागवतात, त्याचीच माहिती साठत जाते. अंडं मोठं म्हणून पिल्लू तयार, पिल्लू तयार म्हणून टाकीत जगलं, टाकीत जगलं म्हणून जीनोम वाचला गेला. आज "ऑक्टोपस असा वागतो" असं आपण वाचतो, त्यातलं बरंचसं एकाच भावाबद्दलचं असतं. दुसरा तिथेच, जरा खोल पाण्यात, फारसा कुणी न विचारलेला. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो: जातीचं नाव बघितल्याशिवाय "ऑक्टोपसमध्ये असं असतं" लिहू नका.

राधानगरी_रान
हे बेडकांतही तंतोतंत. जो टाकीत जगतो त्याच्यावरच पेपर निघतात.

आजरेकर
भाच्याच्या फोटोचं काय ठरलं सर?

करवीरकाठ
काका, त्याला दोन गोष्टी विचारल्या. जागा कशी होती, आणि ठिपक्याचा जवळून फोटो आहे का. जागा खाडीच्या आतली, चिखल आणि मधे मधे दगड, पाणी घोट्याएवढं. ऑक्टोपस मोठ्या रिकाम्या शिंपल्याच्या दोन झाकणांमध्ये बसला होता आणि झाकणं चूषकांनी आतून ओढून धरली होती. बायमॅक्युलॉइडिसला अशी उथळ, चिखलाची जागा चालते. बायमॅक्युलेटसचा ओढा उघड्या किनाऱ्यावरच्या खडकांकडे आणि खोल पाण्याकडे. फोटो मोठा करून पाहिला तर कडं सलग दिसतं. मी बायमॅक्युलॉइडिस म्हणून सांगितलं. अंडी दिसली असती तर शंकाच उरली नसती, पण त्यासाठी दगड उलटायचे नाहीत असंही सांगितलं. उघड्यावर पडलेली आई अंड्यांपासून हलत नाही आणि मग गल पक्षी तिला अलगद टिपतात.

मालवणची_लेक
आपल्याकडच्या ऑक्टोपसांत अशी जोडी आहे का हो? बाबांच्या जाळ्यातल्यांना पण डोळ्याखाली ठिपका असायचा असं मला पुसट आठवतंय.

करवीरकाठ
ताई, आठवण बरोबर असू शकते. भारताच्या किनाऱ्यावर जाळ्यात येणाऱ्यांत अ‍ॅम्फिऑक्टोपस नेग्लेक्टस ही एक महत्त्वाची जात आहे आणि तिला कड्याचा खोटा डोळा असतो. तिला स्वतःचं नाव मिळालं १९९९ मध्ये. त्याआधी आपल्याकडच्या नोंदींत ती ऑक्टोपस मेम्ब्रेनेशियस म्हणून दुसऱ्याच जातीच्या नावाखाली जायची. म्हणजे कॅलिफोर्नियात १९४९ ला झालं ते आपल्याकडे पन्नास वर्षांनी.

तिच्याबरोबर अ‍ॅम्फिऑक्टोपस मार्जिनॅटसही मिळतो. नारळाच्या करवंट्या गोळा करून पोटाखाली धरून नेणारा आणि गरज पडली की त्यांत लपणारा तो हाच, इंडोनेशियात चित्रित केलेलं ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याला खोटा डोळा नसतो, हातांवर गडद शिरांसारखी नक्षी असते. मासळीच्या ढिगात दोन्ही एकत्र पडले आणि रंग उडाला की सगळे "ऑक्टोपस" एवढंच.

बाबांना किंवा भावाला एक विनंती कराल का? जाळ्यात ऑक्टोपस आला तर बर्फात घालायच्या आधी, ताजा असतानाच, डोळ्याच्या बाजूनं एक फोटो. कपारीत किंवा शिंपल्यात अंडी दिसली तर पट्टी शेजारी ठेवून फोटो, अंडी तिथेच राहू देत. तारीख आणि कुठल्या बाजूला, किती पाण्यात मिळाला तेवढं लिहायचं.

मालवणची_लेक
भावाला आत्ताच फोन केला. तो म्हणतो पट्टी नाही, पण होडीवर एक रुपयाचं नाणं कायम असतं, ते ठेवलं तर चालेल का?

करवीरकाठ
उत्तम चालेल. कुठल्या सालचं नाणं आहे तेवढं कळवायला सांगा, नाण्यांचं माप बदललेलं आहे.

बीएस्सी_झूलॉजी
सर, फोटो आले की मी तक्ता करते. आणि येत्या अमावास्येला मोठी ओहोटी असेल तेव्हा आम्ही काही जण रत्नागिरीला जायचं म्हणतोय, सकाळी कातळावर आणि नंतर तिथल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं संग्रहालय. कुणाला यायचं असेल तर इथेच सांगा. पाय घसरणार नाही असे बूट घाला आणि कपारीत हात घालू नका.

राधानगरी_रान
मी आणि अजून एक जण. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, आंबा घाटानं जाऊ.